ऐन, अर्जुन, किंजळ, हिरडा, बेहडा : टर्मिनॅलिया प्रजातीतील झाडे जागेवर कशी ओळखावीत

सह्याद्रीच्या घाटवाटेने किंवा विदर्भातील एखाद्या जंगलातून दिवसभर चालल्यावर आपण ज्या झाडांच्या सावलीत अनेकदा बसलेलो असतो, त्यांत ऐन, किंजळ, हिरडा, बेहडा, अर्जुन आणि धावडा यांची गणना हमखास असते. दिसण्यात ही झाडे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की ती सारी एकाच प्रजातीची आहेत, यावर पटकन विश्वास बसत नाही. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, तर अर्जुनाची गुळगुळीत आणि पांढुरकी. हिरड्याचे फळ औषधाच्या दुकानात मिळते, तर किंजळाच्या फळाकडे कोणी वळूनही पाहत नाही. तरीही वनस्पतिशास्त्र त्यांना टर्मिनॅलिया या एकाच नावाखाली एकत्र मांडते आणि त्याला भक्कम कारणे आहेत. ती कारणे स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहता यावीत आणि समोरचे झाड त्यांपैकी नेमके कोणते हे ठरवता यावे, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

आरंभी दोन शब्दांबाबत खुलासा केला पाहिजे, कारण मराठीत त्यांची नेहमी गल्लत होते. ‘जाती’ म्हणजे ऐन किंवा हिरडा यांसारखा एक विशिष्ट प्रकार, आणि एकमेकांच्या जवळच्या अशा अनेक जातींचा गट म्हणजे ‘प्रजाती’. वर्तमानपत्रांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. या लेखात टर्मिनॅलिया ही प्रजाती आहे आणि अर्जुन ही तिची एक जाती आहे. तिच्यावरचे कुल कॉम्ब्रेटेसी, ज्यात उक्षी आणि बागेतली रंगूनवेलही येते. आणि त्याच्यावरचा गण मिर्टेलीस, ज्यात जांभूळ, पेरू आणि मेंदी यांचाही समावेश होतो.

टर्मिनॅलिया हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1767 साली दिले. लॅटिन भाषेत ‘टर्मिनस’ म्हणजे शेवट किंवा टोक. या झाडांची पाने फांदीच्या टोकाशी दाटीने एकवटलेली असतात, म्हणून हे नाव. त्यामुळे ओळखीची सुरुवात पानाच्या आकारापासून करू नये, पानांच्या मांडणीपासून करावी. हे लक्षण सर्वांत स्पष्ट दिसते ते देशी बदामात. मुंबईच्या रस्त्यांवर, कोकणातल्या शाळांच्या आवारात आणि समुद्रकाठी हे झाड सर्वांच्या परिचयाचे आहे. त्याची एखादी आडवी फांदी नीट पाहावी. फांदीचा एक तुकडा आडवा वाढतो, मग त्याचे टोक वर वळते आणि तिथे पानांचा झुबका तयार होतो. पुढची वाढ त्या टोकातून फारशी होत नाही, तर झुबक्याच्या किंचित खालून नवा तुकडा फुटून तो पुन्हा आडवा जातो आणि त्याचेही टोक असेच वर वळते. त्यामुळे दीपमाळेसारखे मजले तयार होतात. वनस्पतिशास्त्रात या वाढीच्या पद्धतीलाच या प्रजातीचे नाव मिळाले आहे. देशी बदाम ही या प्रजातीची नमुना-जाती आहे. म्हणजे टर्मिनॅलिया हे नाव ज्या जातीशी कायमचे बांधलेले आहे, ती हीच. खाण्याच्या बदामाशी तिचा काहीही संबंध नाही, तो गुलाबाच्या कुलातला आहे.

पानांच्या झुबक्यांची मांडणी मोहालाही असते, म्हणून केवळ तेवढ्यावर विसंबू नये. दुसरी खूण फुलात शोधावी आणि त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग पुरेसे आहे. टर्मिनॅलियाची फुले बारीक, मळकट पांढरी किंवा हिरवट पिवळी असून ती कणसासारख्या लांबट तुऱ्यांवर येतात. एक फूल चिमटीत धरून भिंगाखाली पाहिले की पाकळ्या मुळी नाहीतच, हे लक्षात येते. जे पाच त्रिकोणी दात दिसतात ते निदलांचे, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या हिरवट आवरणाचे असतात. त्यांच्या आत दाट केसांची एक चकती असते आणि तिच्याभोवती दहा पुंकेसर दोन वर्तुळांत उभे राहून फुलाच्या बाहेर डोकावतात. फुलाखाली जो बारीक देठासारखा भाग वाटतो, तो प्रत्यक्षात अंडाशय असतो. म्हणजे अंडाशय निदलांच्या खाली आहे, त्याला एकच कप्पा आहे, त्यात वरून लोंबणारी सहसा दोन बीजके आहेत, आणि त्यांपैकी एकाचेच बी होते. एका तुऱ्यावरची सगळी फुले सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. बेहड्याच्या तुऱ्यात वरच्या टोकाकडील फुले निव्वळ नर असतात आणि बुडाकडील फुले द्विलिंगी असतात. म्हणूनच एवढ्या फुलांच्या तुऱ्यातून मोजकीच फळे धरतात. नवख्या निरीक्षकाने टोकाकडचे फूल उघडले आणि त्यात अंडाशय सापडला नाही, तर त्याने गोंधळून न जाता खालचे फूल पाहावे.

पाकळ्या नाहीत, पुंकेसर दहा, अंडाशय खाली आणि फांदीच्या टोकाशी पानांची दाटी, या चार गोष्टी जुळल्या की प्रजाती निश्चित करण्यास हरकत नाही. उक्षीलाही पाकळ्या नसतात, पण ती आधार घेत वर चढणारी मोठी झुडूप-वेल आहे आणि तिच्या फळावर वाळलेल्या निदलांची पाच पाती पंख्यासारखी राहतात. रंगूनवेलीला चांगल्या ठसठशीत पाकळ्या असतात.

आता जातीकडे वळू. माझा अनुभव असा की झाडाजवळ गेल्यावर आधी वर पाहण्याऐवजी खाली पाहावे. जमिनीवर गेल्या हंगामाची फळे बहुतेकदा पडलेली असतात आणि या प्रजातीत फळाइतकी खात्रीची खूण दुसरी नाही. डिसेंबर ते एप्रिल हा काळ त्यासाठी सर्वांत सोयीचा असतो. फळ हाती आले की पहिला प्रश्न एकच : ते गरयुक्त, आठळीचे आहे, की कोरडे आणि पंखांचे?

गरयुक्त फळ असेल तर आपल्या भागात देशी बदाम, हिरडा आणि बेहडा असे तीनच पर्याय मुख्यतः उरतात. बदामाचे फळ मोठे, दोन्ही बाजूंनी चपटे आणि कडेला धार असलेले असते. ते हलके व तंतुमय असल्यामुळे समुद्राच्या पाण्यावर दूरवर तरंगत जाऊ शकते आणि वटवाघळेही ते वाहून नेतात. हिरडा आणि बेहडा यांच्यात फरक करायला अंगठा पुरेसा आहे. फळावर अंगठा घासावा. बेहड्याच्या फळावर राखाडी-तपकिरी, मखमलीसारखी लव जाणवते आणि फळ गोलसर, साधारण दोन ते तीन सेंटिमीटरचे असते. हिरड्याचे फळ गुळगुळीत, लांबट, अडीच ते चार सेंटिमीटरचे आणि पिवळसर हिरवे असते. वाळल्यावर त्यावर पाच उभ्या कडा ठळकपणे उठून दिसतात. बेहड्याच्या वाळलेल्या फळावरही पाच कडांचा अस्पष्ट माग असतो. या पाच कडा लक्षात ठेवाव्यात, पुढे पंखांच्या फळांत त्या पुन्हा भेटतील.

फळे नसतील तर पाने पाहावीत. बेहड्याचे पान रुंद असते आणि त्याचा देठ लांब, बहुधा तीन सेंटिमीटरहून अधिक असतो. पाने फांदीच्या टोकाशी एकाआड एक येऊन गोळा झालेली असतात. हिरड्याचा देठ आखूड असून पाने जवळजवळ समोरासमोर येतात, आणि देठाच्या वरच्या टोकाशी, पात्याला लागून, दोन बारीक ग्रंथी, म्हणजे पुटकुळीसारखे उंचवटे, असतात. त्या मोहरीच्या दाण्याहून लहान असतात, तेव्हा भिंग लावल्याशिवाय ‘नाहीत’ असे म्हणू नये. हिरड्याच्या कोवळ्या पालवीवर तांबूस, रेशमी लव असते, ती पान जून झाल्यावर झडते. खोडाच्या बाबतीत, बेहडा हे उंच, सरळ, बुंध्याशी अनेकदा पाखे (आधाराच्या फळ्यांसारखे भाग) फुटलेले झाड असून त्याची साल निळसर राखाडी आणि बारीक उभ्या भेगांची असते. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यात वाढलेला हिरडा मात्र बुटका आणि वेडावाकडा होतो. महाबळेश्वरच्या पठारावरचे हिरडे पाहून हेच झाड खालच्या जंगलात चांगले उंच होते, हे सांगूनही पटत नाही. म्हणूनच झाडाची उंची आणि डौल यांना ओळखीत फार महत्त्व देऊ नये.

इथे बाजारातल्या नावांबद्दल एक इशारा द्यावासा वाटतो. बाळहिरडा आणि सुरवारी हिरडा ही नावे ऐकून पुष्कळांचा समज होतो की हिरड्याच्या दोन जाती आहेत. तसे नाही. बाळहिरडा म्हणजे आठळी धरण्यापूर्वीच गळालेले किंवा काढलेले आणि वाळून काळे पडलेले कोवळे फळ. सुरवारी हिरडा म्हणजे पूर्ण वाढलेले, पक्के फळ. झाड एकच, वय वेगळे. जुन्नर, आंबेगाव आणि भीमाशंकरच्या परिसरात बाळहिरडा गोळा करणे हे महादेव कोळी कुटुंबांच्या उत्पन्नाचे महत्त्वाचे साधन आहे, आणि कोणत्या आठवड्यात फळ कोणत्या अवस्थेत असते याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही ग्रंथातल्या नोंदीपेक्षा बारीक असते. त्रिफळ्यातला तिसरा घटक असलेला आवळा मात्र या प्रजातीतला नाही, त्याचे कुलही वेगळे आहे.

फळ पंखांचे असेल तर काम अधिक रंजक होते आणि चुकाही इथेच अधिक होतात. आधी पंख मोजावेत. फळ लहान, जेमतेम एक सेंटिमीटरच्या आसपास, आणि तीन पंखांचे असेल, त्यांतही एक पंख मोठा व दोन अगदी लहान असतील, तर झाड किंजळाचे आहे. याचे शास्त्रीय नाव टर्मिनॅलिया पॅनिक्युलाटा. फुलांचे तुरे एकेकटे न येता फांदीच्या टोकाला भरगच्च, पुन्हा पुन्हा विभागलेल्या गुच्छांत येतात, त्यावरून ते पडले. पावसाळ्याच्या उत्तरार्धात ते फुलते आणि दिवाळीच्या सुमारास फळे धरू लागली की सगळा माथा विटकरी-तांबूस दिसतो. त्या दिवसांत कोकणातून घाट चढताना समोरच्या डोंगरउतारावर जे तांबूस ढग दिसतात, ते किंजळाचे. फुलांचा बहर समजून लोक त्याची छायाचित्रे काढतात. जवळ गेल्यावर ती फळे असल्याचे कळते. किंजळ हे भारतीय द्वीपकल्पाबाहेर निसर्गतः आढळत नाही, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

फळ चांगले तीन ते पाच सेंटिमीटरचे आणि पाच सारख्या पंखांचे असेल तर निवड ऐन आणि अर्जुन यांच्यात करायची असते. पाच पंखांच्या या गटाला वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने पेंटाप्टेरा, म्हणजे ‘पाच पंखांची’, अशी स्वतंत्र प्रजाती मानले होते. पुढे वाइट आणि अर्नॉट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1834 साली अर्जुनाला टर्मिनॅलियात आणले. हिरड्याच्या फळावरच्या पाच कडा आणि अर्जुनाच्या फळाचे पाच पंख शेजारी ठेवून पाहिले की हे एकत्रीकरण का योग्य होते ते समजते.

सामान्यतः सांगितले जाते की काळी, खोल चौकोनी भेगांची साल म्हणजे ऐन आणि गुळगुळीत, पांढुरकी, मोठ्या पातळ पापुद्र्यांनी सुटणारी साल म्हणजे अर्जुन. अर्जुन ओढ्याकाठी, ऐन डोंगरउतारावर. मोठ्या झाडांच्या बाबतीत हे बरोबर आहे. पण ऐनाचे तरुण झाड मगरीची पाठ घेऊन जन्माला येत नाही, त्याची साल बरीच साधी असते, आणि उतारावरचा ऐन कित्येकदा ओढ्यापर्यंत खाली उतरलेला असतो. मी स्वतः एका ओढ्याकाठच्या मनगटाएवढ्या जाडीच्या झाडाची केवळ जागेवरून अर्जुन म्हणून नोंद केली होती. पुढच्या वर्षी मार्चमध्ये त्याच झाडाखाली फळे सापडली तेव्हा ती नोंद खोडावी लागली. शिवाय अर्जुनासारखीच फिकट, सोलून निघणारी साल नाणा या झाडालाही असते. पण नाण्याचे फळ म्हणजे उकलणारे बोंड असते, त्यामुळे फळ पाहिल्यावर शंका उरत नाही.

म्हणून फळाचा पंख उजेडासमोर धरून त्यातल्या रेषा पाहाव्यात. ऐनाचा पंख रुंद आणि पातळ असून त्यातल्या बारीक रेषा फळाच्या मध्यभागापासून निघून सरळ आडव्या पंखाच्या कडेपर्यंत जातात, जणू कोणी वहीच्या पानावर ओळी आखल्या आहेत. अर्जुनाचा पंख अरुंद, जाड आणि कडक असतो आणि त्यातल्या रेषा निघताच वरच्या दिशेने वळतात. ही खूण फळ वाळून, कडा तुटून, दोन पावसाळे जमिनीवर पडून राहिले तरी बहुधा टिकते. एक पंख शाबूत असला तरी पुरे.

फळ मुळीच नसेल तर पान उलटे करावे. ऐनाच्या पानाच्या खालच्या बाजूला, मध्यशिरेवर, देठापासून थोड्या अंतरावर, भोवऱ्याच्या आकाराच्या एक किंवा दोन छोट्या, उंचवट्यासारख्या ग्रंथी दिसतात; बोटाला त्या खडबडीत लागतात. अर्जुनाच्या ग्रंथी पात्याच्या अगदी बुडाशी, देठाच्या टोकावर असतात. ऐनाच्या कोवळ्या पानांवर दाट लव असते, अर्जुनाची पाने बहुधा गुळगुळीत असतात.

स्थानिक नावांवर निर्णय सोपवू नये. सादडा हा शब्द काही ठिकाणी ऐनासाठी वापरतात, तर अर्जुनसादडा हे अर्जुनाचे नाव आहे. विचारणाऱ्याने ‘सादडा’ एवढेच ऐकले तर दोन झाडांची सरमिसळ झालीच म्हणून समजावे. शास्त्रीय नावांतही ऐनाने पुष्कळ फिरवले आहे : जुन्या पुस्तकांत तो टर्मिनॅलिया टोमेंटोजा, टर्मिनॅलिया अलाटा किंवा टर्मिनॅलिया क्रेन्युलाटा म्हणून सापडतो आणि आज बहुतेक ठिकाणी टर्मिनॅलिया एलिप्टिका म्हणून. लव कमी-अधिक असणाऱ्या झाडांना वेगवेगळ्या अभ्यासकांनी वेगळी नावे दिली, त्याचा हा परिणाम आहे. नोंद करताना आजचे नाव लिहून त्यापुढे जुने नावही लिहावे, म्हणजे दहा वर्षांनी वाचणाऱ्याला शोध घेता येतो. भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली भागात टसर रेशमाच्या अळ्या ऐन आणि अर्जुन या दोहोंवर वाढवतात, तेव्हा त्या परिसरात कोणत्याही कोसा-उत्पादकाला विचारले तर तो ही दोन झाडे न चुकता वेगळी करून दाखवतो. त्याच्यासोबत अर्धा दिवस घालवणे हा उत्तम अभ्यास आहे.

धावड्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याची फुले कणसावर न येता गोल गेंदांत येतात आणि फळेही बारीक, चोचीसारख्या टोकाची, गच्च गोळ्यात बसलेली असतात. त्यामुळे त्याला अनोजायसस या निराळ्या प्रजातीत ठेवले होते आणि झाडांच्या बहुतेक पुस्तकांत तो अजून तिथेच आहे. पण फूल उघडून पाहिले तर पाकळ्या नाहीत, पुंकेसर दहा, अंडाशय खाली, हे सारे जसेच्या तसे मिळते. डीएनएच्या अभ्यासातून असे दिसले की अनोजायससचा गट टर्मिनॅलियाच्या शाखांच्या मधोमध बसतो. त्याला बाहेर ठेवायचे तर टर्मिनॅलियाचेच तुकडे करावे लागले असते. म्हणून 2017 साली त्याचा टर्मिनॅलियात समावेश करण्यात आला. त्याचे जुने जातिनाम लॅटिफोलिया मात्र सोबत नेता आले नाही, कारण टर्मिनॅलिया लॅटिफोलिया हे नाव जमैकातील एका झाडाला आधीच दिलेले होते आणि एका प्रजातीत एकच नाव दोन जातींना चालत नाही. त्यामुळे आपला धावडा आता टर्मिनॅलिया अनोजायसियाना झाला आहे. डिंकासाठी प्रसिद्ध असलेले हे झाड ओळखायला गोल गेंद आणि गुळगुळीत, राखाडी पांढरी साल पुरेशी आहे.

शहरात राहणाऱ्यांना आणखी एक झाड भेटेल. रोपवाटिकांमध्ये नुसत्या ‘टर्मिनॅलिया’ या नावाने विकले जाणारे, छत्रीसारखे मजले आणि अगदी लहान पाने असलेले शोभेचे झाड म्हणजे मादागास्करमधील टर्मिनॅलिया मॅंटाली. गृहसंकुलांच्या दारात ते आता जागोजागी दिसते. प्रजाती खरोखर हीच आहे, पण ते आपल्या जंगलातले नव्हे, आणि पानांच्या लहान आकारामुळे ते लगेच वेगळे काढता येते.

निर्णय पडताळून पाहता यावा यासाठी नमुना ठेवावा. संरक्षित वनात वनखात्याची परवानगी असल्याशिवाय फांदी तोडू नये. गळालेली फळे आणि पाने यांचीही छायाचित्रे बहुतेक वेळा पुरतात. परवानगी असेल तर फूल किंवा फळ असलेली, हातभर लांबीची फांदी घ्यावी आणि ती वर्तमानपत्राच्या घडीत दाबताना निदान एक पान उलटे ठेवावे, कारण ऐनाची ग्रंथी खालच्या बाजूला असते आणि सगळी पाने सुलटी चिकटवली तर ती कायमची झाकली जाते. हिरडा-बेहड्याची जाड फळे दाबू नयेत, ती कागदी पाकिटात वेगळी ठेवून त्यावर तोच क्रमांक लिहावा. पहिले चार दिवस कागद रोज बदलावा, नाहीतर पाने काळी पडतात. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, सालीचे वर्णन, ताज्या फुलांचा रंग आणि वास यांची नोंद करावी; वाळलेल्या नमुन्यावरून साल, रंग आणि वास यांपैकी काहीच पुन्हा मिळवता येत नाही. बेहड्याच्या फुलांचा उग्र, नकोसा वास तर तिथेच लिहिला पाहिजे. शंका राहिल्यास पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियममध्ये जपून ठेवलेल्या जुन्या नमुन्यांशी आपला नमुना ताडून पाहता येतो. तोपर्यंत चिठ्ठीवर जातीच्या नावाची जागा मोकळी सोडून फक्त ‘टर्मिनॅलिया’ एवढेच लिहावे आणि कंसात झाडाचे ठिकाण इतके नेमके लिहावे की फळांच्या हंगामात पुन्हा त्याच झाडाखाली जाऊन उभे राहता येईल.